सीटच्या आतला माणूस

त्याला दारं धड उघडता यायची नाहीत. ‘ओढा’ लिहिलेलं दार ढकलायचा, कपाळ आपटून घ्यायचा आणि दाराला म्हणायचा, “तुझी चूक नाही रे, हँडल बनवणाऱ्याची आहे.” लिफ्टमधल्या बटणांकडे नापास पोराच्या पेपराकडे बघावं तसा बघायचा. फोनवर मोठ्या माणसाशी बोलताना उठून उभा राहायचा. प्रश्न विचारला की चष्मा काढायचा, जणू त्याच्यामुळेच ऐकू येत नव्हतं. चहा पुढ्यात आला की विसरायचा आणि गार झाला की आणणाऱ्यावर रुसायचा. हॉटेलचं बिल, बिस्किटाच्या पुड्याचा कागद, औषधाची चिठ्ठी, हाताला लागेल त्याच्या पाठीवर चौकोन काढायचा, चौकोनात गोल, गोलाला बाण. विनोद सांगताना निम्म्यातच हसत सुटायचा, त्यामुळे त्याच्या एकाही विनोदाचा शेवट कुणाला माहीत नाही. कुणाच्याही गाडीत बसला की आधी चालवणाऱ्याच्या हातांकडे बघायचा, मगच पट्टा लावायचा.

आणि माफी मागायचा. जवळजवळ रोज, परक्या पोरापोरींची. ते त्याच्या नोकरीतच बसत होतं.

तो होता, असं म्हणावं लागतंय. अजून जीभ वळत नाही.

कंपनी स्वतः चालणारी गाडी बनवत होती. नुकतंच लायसन्स मिळालेल्या पोरांसाठी. पोरांनी सुरुवातीला नुसतं बसावं, गाडी कशी चालते ते बघावं, आणि धीर आला की हळूहळू स्टिअरिंग आपल्या हातात घ्यावं, अशी कल्पना. गाडीनं काय करायचं ते इंजिनिअर बघायचे. गाडी काय करते आहे ते आत बसलेल्या पोराला कसं कळावं, ते हा बघायचा. स्क्रीनवर काय दिसावं, कधी दिसावं, कुठल्या रंगात, आणि गाडीनं तोंड कधी उघडावं.

पण खरी गाडी अजून धड चालत नव्हती. वळणावर बिचकायची, झाडाच्या सावलीला घाबरून उभी राहायची. ती शहाणी होईपर्यंत थांबलं असतं, तर तिनं बोलावं कसं ते ठरायला म्हातारपण आलं असतं. म्हणून यानं एक युक्ती काढली. साधी गाडी घेतली. चालकाच्या सीटसाठी एक मोठं कव्हर शिवून घेतलं. त्या कव्हरच्या आत हा बसायचा. डोक्याच्या जागी बारीक जाळी, तिच्यातून रस्ता दिसायचा. हात काळ्या बाह्यांतून खाली जायचे आणि स्टिअरिंगचा तळ धरायचे. शेजारी बसलेल्या पोराला दिसायची रिकामी सीट, आणि आपोआप फिरणारं चाक.

माप घ्यायला आलेल्या कारागिरानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं होतं. “साहेब, आजवर माणसाच्या मापानं सीट शिवली. सीटच्या मापानं माणूस पहिल्यांदाच शिवतोय.”

तेव्हापासून त्याचं नाव खुर्ची. सीट म्हणायला हवं होतं खरं, पण कँटीनवाल्यानं खुर्ची म्हटलं आणि तेच चिकटलं. “लोक खुर्चीसाठी एकमेकांचे गळे धरतात,” मोठ्या मॅडम म्हणायच्या, “याला बघा, बसल्या जागी मिळाली.” मोठ्या मॅडम म्हणजे त्या खात्याच्या प्रमुख. त्यांचा त्याच्यावर जीव होता, आणि त्या रागवायच्याही त्याच्यावरच.

कंपनीच्या मागच्या बाजूला कुंपण घातलेला एक गोल रस्ता होता. त्यावर पोरांना एक चक्कर मारून आणायची. मध्येच झाडीमागून फोमचा एक बाहुला दोरीनं ओढून रस्त्यावर आणायचे. त्याला सगळे पाहुणा म्हणत, कारण तो न सांगता यायचा. चक्कर संपली की गाडी शेडमध्ये उभी राहायची, सीटची चेन उघडायची, आणि आतून घामानं निथळलेला, केस डोक्याला चिकटलेला एक माणूस बाहेर पडायचा.

“माफ कर हं. मीच होतो.”

कुणी किंचाळायचं, कुणी खो खो हसायचं. एका मुलीनं पर्स फेकून मारली होती. एका पोरानं रिकाम्या गाडीसमोर ‘नोकरी गेली’ हे घरी कसं सांगायचं त्याची उजळणी केली होती, आवाज बदलून बदलून. याला बघितल्यावर त्याचा चेहरा उतरला.

“तुम्ही ऐकलंत?”

“नाही.”

“ऐकलंत.”

“ऐकलं. माफ कर. दुसरं वाक्य चांगलं होतं, तेच सांग.”

पोरांनी हो म्हणूनच सह्या केलेल्या असत, शेवटी सगळं उलगडून सांगितलंही जायचं. तरी त्याला ते टोचायचं. विश्वास कसा बसतो ते शोधायला आपण रोज एकाला फसवतो, असं तो म्हणायचा, आणि वर हसायचा.

शेडच्या काचेच्या खोलीतून सगळा गोल रस्ता दिसायचा, तिथं एक मुलगी बसायची. गाडीची वाक्यं लिहायला तिला घेतलं होतं. साहित्य शिकलेली, त्यामुळे तिला वाटलं होतं की सुंदर वाक्यं लिहायची. तिनं पहिल्या दिवशी लिहून आणलं, “पुढे पादचारी असल्याने वेग कमी करत आहे.”

त्यानं चष्मा काढला. “हे वाचून होईपर्यंत पादचारी घरी पोचून जेवून झोपेल.”

“मग काय लिहू?”

“दिसलंय.”

“एवढंच?”

“एवढंच. शेजारी बसलेल्याला दुसरं काही नको असतं गं. गाडी थांबेल की वळेल, ते नंतर. आधी त्याला एवढंच हवं असतं, की चालवणाऱ्याला दिसलंय.”

तेच ठरलं. माणूस दिसला की स्क्रीनवर त्याच्याभोवती पांढरी रेघ उमटायची आणि गाडी हळूच म्हणायची, “दिसलंय.” ती मुलगी काचेमागून एक बटण दाबायची, एवढंच. आणि पोरं खरंच सैल पडायची. दाराचं हँडल सोडायची, पाय लांब करायची. मोठ्या मॅडमनी सगळ्यांना पेढे नाहीत तरी आइस्क्रीम दिलं. हा शब्द सुचला कुठून, असं त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “घरून.” कुणी पुढं विचारलं नाही.

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. आई, तो आणि धाकटी बहीण. दाराशेजारी चाव्या अडकवायच्या हुकांची फळी होती. शेवटचा हुक वडिलांच्या गाडीच्या चावीचा. तो रिकामा होता, आणि त्यावर कुणी काही अडकवत नसे.

धाकटी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दवाखाना लांब होता आणि ती चालत जायची, चालत यायची. तिच्या चपलांच्या टाचा बाहेरच्या बाजूनं झिजलेल्या असत. मैत्रिणीची गाडी दाराशी आली तरी ही म्हणायची, “तुम्ही व्हा पुढं.” भावाला मात्र ती सोडायची नाही. तो घरी आला की दारातच, “आलं का फर्निचर? आई, सरक, याला भिंतीला लावून ठेवू.”

“गप गं. तोंड उघड, कीड लागलीय जिभेला.”

“फुकट बघत नाही मी. नंबर लाव.”

आई स्वयंपाकघरातून हसायची. भावाच्या बोलण्याला. धाकटीच्या बोलण्याला हसणं तिनं मागच्या वर्षी बंद केलं होतं.

मागच्या वर्षी धाकटीला लायसन्स मिळालं होतं. वडील तिच्या शेजारी बसून तिला रोज चालवायला न्यायचे. वडील बँकेत रोखपाल होते. नोटा मोजून झाल्या की पुन्हा मोजणारे, गॅस बंद केला की जिन्यातून परत येऊन बघणारे. त्या सकाळी एका फाटकातून एक सायकलवाला बाहेर आला. गाडी वळली आणि विजेच्या खांबावर गेली. खांब वडिलांच्या बाजूला आला. सायकलवाल्याला खरचटलंही नाही.

दवाखान्यात, कपाळावर टाके घालून घेताना, धाकटीनं भावाला सांगितलं होतं. “मला दिसला होता दादा तो. मी ब्रेक दाबतच होते. बाबांना वाटलं मला दिसलाच नाही. त्यांनी स्टिअरिंग ओढलं.”

तिनं तेच आईलाही सांगितलं. आईनं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, “गेलेल्या माणसावर ढकलू नकोस.” त्यानंतर त्या घरात तो विषय निघाला नाही. आई धाकटीला जेवायला वाढायची, तिचे कपडे घडी करून ठेवायची, ताप आला तर उशाशी बसायची. फक्त तिच्याकडे बघून बोलायची नाही. भिंतीकडे, भांड्याकडे, खिडकीकडे बघून बोलायची.

आणि तो? तो म्हणायचा, “माझा आहे विश्वास.” धाकटी म्हणायची, “हो, माहितीय.” दोघांनाही कळत होतं की नाहीये.

खोटं बोलते असं नव्हतं त्याच्या मनात. पण एक गोष्ट अडायची. ती म्हणाली होती, “मी सोडलं नव्हतं. दोन्ही हातांनी धरलं होतं, तरी गेलं.” त्याला वाटायचं, दोन हातांनी धरलेलं स्टिअरिंग असं कसं जाईल? शेजारी बसलेला साठीचा माणूस, पट्टा लावलेला, एका हातानं ओढणारा. घाबरली असेल, तिनंच वळवलं असेल, आणि आता तिला तसंच आठवत असेल. मन असं करतं. त्यानं पोरांवरच्या चाचण्यांत हे कितीदा पाहिलं होतं. चक्कर संपल्यावर पोरं छातीठोक सांगायची की गाडी डावीकडे गेली, आणि कॅमेऱ्यात ती सरळ गेलेली असायची.

म्हणजे त्यानं बहिणीचा शब्द घेतला, गाडीच्या तोंडात घातला, त्यावर शाबासकी घेतली. फक्त त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. एकदा काचेच्या खोलीत, गार चहाच्या कपाकडे बघत, तो त्या मुलीला एवढंच म्हणाला, “तू कधी कुणाचं वाक्य चोरलंयस?”

“रोज. का?”

“आणि ज्याचं चोरलं त्याला खोटं ठरवलंयस?”

ती हसली. तिला वाटलं, विनोद आहे, शेवट नेहमीसारखा राहून गेला.

मग पोरांची तक्रार यायला लागली. गाडी फार बोलते. दिसलंय, दिसलंय, दिसलंय. “सासूबाई बसल्यासारखं वाटतं,” एकीनं लिहून दिलं होतं. मोठ्या मॅडम म्हणाल्या, “खुर्ची, आवाज काढून टाका. नुसती रेघ ठेवा स्क्रीनवर. रेघ दिसते ना?”

“दिसते.”

“मग?”

त्याला आवाज काढायचा नव्हता. पण त्याच्याकडे कारणही नव्हतं. त्यालाही ती बडबड जाचायला लागली होती. “काढून बघू,” तो म्हणाला. “रेघेवर भागेल.”

त्या दिवशी दुपारी एक पोरगा आला. उंच, शेलाटा, नवीन लायसन्स खिशात घालून मिरवणारा. गाडीत बसता बसता त्यानं रिकाम्या सीटला सलाम ठोकला. “चलो बॉस.” आत जाळीमागे याला हसू आलं.

गाडी निघाली. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. पोरगा खुशीत होता, शीळ घालत होता. झाडीमागून पाहुणा आला. याला तो आधीच दिसला होता. पाय ब्रेकवर गेला होता. स्क्रीनवर पांढरी रेघही आली, अगदी वेळेवर. पण पोरगा स्क्रीनकडे बघत नव्हता. घाबरलेलं माणूस स्क्रीनकडे बघत नाही, बाहेर बघतं. एवढी साधी गोष्ट इतक्या शहाण्या माणसांपैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. गाडी गप्प होती.

पोरग्यानं झेप घेतली आणि स्टिअरिंग ओढलं.

यानं धरलं होतं. दोन्ही हातांनी, खालून, घट्ट. त्यानं सोडलं नाही. तरी ते गेलं. भिजलेली दोरी जावी तसं तळव्यातून सरकत गेलं. समोर टायरांची भिंत आली आणि डोकं जाळीच्या चौकटीवर आपटलं.

शेडमधून सगळे धावत आले. पोरग्याला काही झालं नव्हतं. तो गाडीबाहेर उभा होता. कुणीतरी सीटची चेन उघडली. हा बाहेर आला. कपाळाला टेंगूळ, चष्मा वाकडा. त्यानं पोरग्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच माफी मागितली नाही.

“का ओढलंस?”

“आत तुम्ही होता? सॉरी, सॉरी सर, मला काय माहीत आत माणूस...”

“ते राहू दे. ओढलंस का?”

पोरगा रडायला लागला. “मला वाटलं तिला दिसलंच नाही.”

तो तिथंच रस्त्यावर बसला. स्वतःचे तळवे उघडून बघत राहिला. दोन्हीवर लाल पट्टे उठले होते. लोकांना वाटलं, डोक्याला जास्त लागलंय. मोठ्या मॅडम म्हणाल्या, दवाखान्यात चला. तो म्हणाला, “उद्या जातो. आज घरी जायचंय.” डोक्याला हळद नाही, पट्टी नाही, तसाच उठला. गाडीत बसणार नाही म्हणाला. चालत गेला.

धाकटी दवाखान्यातून सुटायच्या वेळेला तो तिच्या वाटेवर जाऊन उभा राहिला. तिनं लांबूनच ओळखलं. “फर्निचर रस्त्यावर? घरमालकानं काढलं की काय?” मग कपाळ दिसलं. “काय झालं रे?”

दोघं चालायला लागली. त्यानं सांगितलं. शीळ घालणारा पोरगा, पाहुणा, रेघ. आणि मग हात पुढं केले.

“मी सोडलं नव्हतं गं. धरलं होतं. तरी गेलं.”

धाकटी थांबली. बाजूनं माणसं जात होती, एका बाईच्या पिशवीचा धक्का लागला तरी हलली नाही.

“म्हणजे तुला गाडी ठोकायला लागली,” ती म्हणाली. “मी सांगून पुरलं नाही.”

“नाही पुरलं.”

“माझा आहे विश्वास, माझा आहे विश्वास, म्हणत होतास.”

“खोटं म्हणत होतो.”

“माहीत होतं मला.” तिनं पदपथाच्या कडेला बसून चप्पल काढली, खडा झटकला, पुन्हा घातली. खडा होता की नाही कुणास ठाऊक. “आता काय करायचं?”

“आईला सांगतो.”

“ती नाही ऐकणार.”

“माझं ऐकेल.”

धाकटी हसली, पण ते हसू बरं नव्हतं. “हो. तुझं ऐकेल.”

नुसतं सांगून भागणार नाही, हे त्याला स्वतःवरून कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला नाही, कंपनीच्या गॅरेजमध्ये गेला. सीटचं कव्हर काढून कोपऱ्यात टाकलं. चालकाची जागा मोकळी केली, खऱ्या माणसासाठी. आणि शेजारच्या सीटसमोर एक जुनी स्क्रीन बसवायला घेतली. चालवणाऱ्याची नजर कुठं आहे आणि पाय कुठं आहे, ते दोन छोटे कॅमेरे बघणार. नजर रस्त्यातल्या माणसावर गेली आणि पाय ब्रेककडे वळला, की त्या स्क्रीनच्या स्पीकरमधून शेजारी बसलेल्याच्या कानाशी बारीक आवाज येणार. डोळ्यांसाठी नाही, कानासाठी. घाबरलेलं माणूस बाहेर बघतं, पण ऐकतं.

मोठ्या मॅडमनी कंबरेवर हात ठेवून बघितलं. “हे काय नवीन?”

“पोरं चालवतील तेव्हा शेजारी बसणाऱ्या मोठ्या माणसांसाठी.”

“अहो, आपलं काम पोरांचा मशीनवर विश्वास बसवायचं. मोठ्यांचा पोरांवर बसवायचं कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

“बजेट कुठंय त्याला?”

“स्क्रीन भंगारातली आहे. कॅमेरे मागच्या वर्षीचे. स्क्रू माझे.”

मॅडमनी त्याच्या कपाळाकडे बघितलं. “आधी डोकं दाखवून या.”

“रविवार होऊ दे.”

रविवारी ट्रॅक रिकामा असायचा. धाकटी चालवणार होती. ते तिला कबूल करवायलाच त्याला तीन दिवस लागले. आधी नाही, मग बघू, मग “एकच चक्कर, आणि तू मागं बसायचं, तोंड बंद ठेवून.” आई शेजारच्या सीटवर बसणार होती. पाहुणा येणार होता. आईला कानाशी ऐकू येणार होतं, की मुलीला दिसलंय. आणि मग गाडी थांबवून तो आईला सांगणार होता, स्टिअरिंग हातातून कसं जातं ते. तळवे दाखवून. पट्टे फिके होत चालले होते, त्याची त्याला काळजी लागली होती. वाक्यं लिहिणाऱ्या मुलीला तो दर दोन तासांनी हात दाखवायचा. “दिसतात ना अजून?”

गुरुवारी संध्याकाळी त्यानं आईकडे विषय काढला. आई भांडी पुसत होती.

“आई, रविवारी माझ्या ऑफिसात येशील?”

“मी काय करू तिथं?”

“गाडीत बसायचंय.”

“तुझ्या त्या भुताच्या?”

“नाही गं. माणूस चालवणार.”

“कोण?”

“धाकटी.”

आईनं हातातली वाटी पुसून ठेवली, मग पुन्हा घेतली आणि पुन्हा पुसली. “मला गुडघ्याचं दुखणं आहे,” खिडकीकडे बघत म्हणाली.

“बसायचंय, पळायचं नाहीये. आई, मला तुला एक सांगायचंय.”

“सांग की.”

धाकटी दाराआड उभी होती. त्याला तिच्या पायांची बोटं दिसत होती. तिथंच सांगून टाकलं असतं तर? पण त्याला वाटलं, नुसत्या शब्दांनी मला पुरलं नाही, हिला कसं पुरेल. “इथं नाही. रविवारी. तिथंच सांगतो.”

“बरं,” आई म्हणाली. “नेशील तिथं येईन.” त्याच्यासाठी ती कुठंही आली असती.

शुक्रवारी सकाळी तो गॅरेजमध्ये स्क्रीन बसवत होता. डोकं ठणकतंय म्हणाला, चहा मागवला. वाक्यं लिहिणारी मुलगी चहा घेऊन गेली तेव्हा गाडीचं दार उघडं होतं आणि तो शेजारच्या सीटला टेकून खाली बसला होता. ती म्हणाली, “गार करायच्या आधी घ्या.” मग पुन्हा म्हणाली. मग चहा खाली ठेवला आणि ओरडली.

डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस. आधीपासून नाजूक असेल. त्या धक्क्याचा संबंध असेलही, नसेलही. दाखवायला आला असता तर, असं काहीतरी ते म्हणायला लागले होते, पण थांबले.

घरी माणसं येत राहिली. मोठ्या मॅडम आल्या, आईचा हात हातात घेऊन बसल्या. लपवणं त्यांना बरं वाटेना, म्हणून त्यांनी त्या दुपारची गोष्ट सांगितली. नवीन पोरगा होता, घाबरला, त्यानं शेजारून स्टिअरिंग ओढलं, गाडी भिंतीवर गेली.

आई ताठ झाली. “ओढलं? चालवणारा धरून बसलेला असताना?”

“हो.”

“असं कसं कुणी शेजारून ओढतं? तो काय करणार बिचारा! हातातलं स्टिअरिंग ओढल्यावर चालवणारा काय करणार, सांगा ना!”

धाकटी स्वयंपाकघरात कप विसळत होती. नळ तसाच वाहत राहिला. वाक्यं लिहिणारी मुलगी दाराशी उभी होती, तिला दोघी दिसत होत्या. आई पदरानं डोळे पुसत त्या अनोळखी पोराला बोल लावत होती. एकदाही शंका न घेता. धाकटीनं एक कप पुन्हा पुन्हा विसळला आणि नळ बंद केला. बाहेर आली नाही.

काही दिवसांनी धाकटी त्याचं सामान न्यायला ऑफिसात आली. चालत. एक जाकीट, एक वाकडा चष्मा, चौकोन काढलेल्या कागदांचा गठ्ठा. मुलीनं तिला गॅरेजमध्ये नेलं. गाडी तशीच होती. कुणी हात लावला नव्हता. शेजारच्या सीटसमोरची स्क्रीन एकाच स्क्रूवर तिरकी लटकत होती, मागून एक वायर लोंबत होती.

“एवढंच राहिलंय?” धाकटीनं विचारलं.

“तीन स्क्रू, आणि ती वायर. कुणीही करेल.”

“आणि?”

“आणि आईंना इथं बसवायचं होतं.” मुलगी घुटमळली. “मी सांगू का त्यांना? मी होते तिथं. काचेतून सगळं बघितलंय.”

“तुम्ही बघितलंत,” धाकटी म्हणाली. “हातातून गेलं ते त्याच्या. आणि माझ्या. माझं तिनं ऐकलेलं नाही.”

स्क्रू-ड्रायव्हर सीटवर पडला होता. तिनं उचलला, स्क्रीनला लावून बघितला. एक स्क्रू अर्धा फिरवला. मग हात थांबला. पुढं कितीदा फिरवायचा आणि फिरवून झाल्यावर कुणाला बोलवायचं, ते तिला ठरवता येईना. तिनं स्क्रू-ड्रायव्हर होता तिथं ठेवला, जाकीट काखेत घेतलं आणि निघाली.

तो रविवार येऊन गेला. त्यानंतरचेही. तो काय सांगणार होता, ते आईला अजून कुणी सांगितलेलं नाही.